रंग आधी गुळव्यानं बोलायचा

“डोळ्यानं पाह्यलं, ते जिभंला इचारू न्हाई.”

रंभाजीनानांचं हे बोलणं आमच्या शिवारात लहानथोरांना पाठ होतं. बाजारात कुणी कलिंगडाची फोड चाखून बघायला लागला, की नाना मागून हे म्हणत पुढं जायचे. मुलगी बघायला आलेले पाहुणे घरोघर चौकशा करत फिरू लागले, तरी नाना पारावरून तेच ऐकवायचे. ज्याचा डोळा पक्का, त्याला दुसरा साक्षीदार लागत नाही, असा त्यांचा न्याय होता.

नाना गुळवे होते, रस आटवून गूळ उतरवणारे. बेलापूरच्या खालच्या अंगाला, प्रवरेच्या काठानं ऊस उभा असतो. बहुतेक ऊस कारखान्याला जायचा, पण आसारामअण्णांनी आपलं गुऱ्हाळ मोडलं नव्हतं. दिवाळी सरली की चुलवाण पेटायचं आणि शिमग्यापर्यंत त्या धुरानं सगळी वस्ती गोड वासात बुडून जायची. मी त्या गुऱ्हाळावर ऊस वाहायचो. माझी बैलगाडी फडातून घाण्यापर्यंत आणि बाजाराच्या दिवशी बेलापुरापर्यंत, एवढंच तिचं जग.

चुलवाणावरच्या मोठ्या कढईपाशी, काहिलीपाशी, नाना उभे राहिले की बघत राहावं. हातात लांब दांड्याचं फावडं, डोक्याला पांढरं मुंडासं, अंगात कोपरी. रस हिरवट मातकट असतो, मग भेंडीच्या पाण्यानं त्याची मळी वर येते, मळी काढली की तो उजळतो. पुढं पिवळा, मग मधासारखा, मग काकवीसारखा. आणि काकवी आणि गूळ यांच्यामध्ये एक रंग असतो, तो सांगता येत नाही. तो क्षणभर येतो. त्या क्षणी काहील उतरली तर ढेप सोन्यासारखी, आणि जरा उशीर झाला तर काळा, कडवट, जळका गूळ. दुसरे गुळवे पाकाचा थेंब पाण्यात टाकून गोळी करून बघतात, कुणी जिभेवर ठेवून बघतात. नानांनी कधी पाक चाखला नाही. ते नुसते बघायचे.

त्या वेळेची एक रीत होती. पाक रंगावर आला की कुणी बोलायचं नाही. चुलवाणात पिळलेल्या उसाचं चिपाड सारणारी रतनबाई हात थांबवायची, घाण्याचे बैलसुद्धा उभे करायचे. रंग आधी गुळव्यानं बोलायचा. दुसऱ्या कुणी त्याच्याआधी रंगाचं नाव घेतलं तर आदण, म्हणजे काहिलीत शिजणारा पाक, फुटतं, गूळ धरत नाही, ढेप पाझरत बसते, असं आम्ही मानत आलो. एकदा अण्णांचा एक पाहुणा काहिलीत वाकून म्हणाला, “वा, काय केशरी आलाय!” नानांनी फावडं खाली ठेवलं, पाहुण्याकडं बघितलंही नाही, आणि ते सगळं आदण काकवीवरच उतरवलं. अण्णा हळहळले, पण शब्द बोलले नाहीत. रीत ती रीत.

रतनबाई नानांची बायको. लग्न होऊन आली तेव्हापासून ती चुलवाणाच्या तोंडाशी बसलेली. नाना वर, ती खाली. वरून आवाज यायचा, “रतन, जाळ कमी,” की ती चिपाड ओढून घ्यायची. त्यांचा संसार एवढ्या दोन-चार शब्दांत चालायचा.

नानांना साखरेचा आजार जडला तो त्र्याण्णव सालच्या उन्हाळ्यात कळला. आधी मुंग्यांनी सांगितलं. घरामागच्या बाभळीखाली ते लघवीला जायचे, तिथं मुंग्यांची रांग लागायला लागली. मग तहान. तांब्यामागून तांब्या पाणी. मग पायाच्या अंगठ्याला लागलेली ठेच चिघळली ती भरेना. रतनबाईनं त्यांना एस.टी.त बसवून नगरला नेलं. तिथल्या एका दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी रक्त तपासलं आणि रोज सुई घ्यावी लागेल म्हणून सांगितलं.

“गुळव्याला साकरंचा आजार!” आसारामअण्णा पहिल्यांदा हसले. “नाना, येवढी वर्षं बघून बघून प्यालास की काय गूळ?”

“डोळ्यानं प्यालो,” नाना म्हणाले. सगळे हसले. रतनबाई हसली नाही.

डॉक्टरीणबाईंची अडचण अशी होती, की आजार रोजचा आणि नगर लांब. हंगाम सुरू झाला की नाना काहील सोडून येणार नाहीत, हे त्यांनी पहिल्याच भेटीत ओळखलं. तेव्हा त्यांनी एक युक्ती काढली. काचेची एक नळी दिली, स्पिरिटचा छोटा दिवा दिला आणि एका बाटलीत निळं औषध. निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकायचे, नळी दिव्यावर धरून उकळायची आणि रंग बघायचा. निळा राहिला तर साखर नाही. हिरवा आला तर थोडी. पिवळा आला तर जास्त, नारिंगी त्याहून जास्त. आणि भाजलेल्या विटेसारखा लाल आला तर लगेच कळवायचं. दर बाजारच्या दिवशी बेलापूरच्या फोनच्या दुकानातून त्यांना रंग सांगायचा, आणि त्या तिथून सांगतील, सुईत औषध किती भरायचं.

हे सगळं ऐकून नाना म्हणाले होते, “बाई, उकळत्या पान्याचा रंग वळखायचं मला शिकवता?”

बाई हसून म्हणाल्या, “म्हणून तर तुमच्यावर सोपवते, बाबा. पण हंगाम संपला की रक्त तपासायला यायचं.”

असा तो कारभार सुरू झाला. सुईच्या औषधाची बाटली रतनबाई माठाच्या बुडाशी ओल्या वाळूत पुरून ठेवायची. रोज सकाळी तीच सुई टोचायची. नळी मात्र नाना एकटे, घरामागं, पाठ करून उकळायचे. ती त्यांची काहील झाली होती.

फोनचं दुकान गोरक्षनाथाचं. पिवळी पाटी, काचेचं खोकं, आत एक स्टूल. गोरक्षनाथाचा एक पाय लहानपणापासून अधू, पण जिभेनं तो गावभर फिरून यायचा. नाना खोक्यात शिरले की दार लावायचे, तरी उपयोग नव्हता. ते फोनवर असे बोलायचे, जणू आवाज वाऱ्यावरूनच नगरला जाणार होता.

“हालो! बाई! आज हिरवा हाय! कोवळ्या रसावानी! पिवळा न्हाई, पन पिवळ्याकडं तोंड करून बसलाय!”

बाहेर रांगेत उभी माणसं खाली बघून हसायची. नाना बाहेर आले की गोरक्षनाथ विचारायचा, “नाना, उतरवली का काहील?”

“उतरवली. तुज्या तोंडाची कवा उतरायची?”

पहिल्या वर्षी ही युक्ती खरोखर लागू पडली. बाईंनाही नानांची भाषा कळायला लागली. ‘काकवीकडं झुकलाय’ म्हटलं की त्या औषध वाढवायच्या, ‘पान्यावानी निळा’ म्हटलं की कमी करायच्या. साखर फार उतरून हात थरथरले, घाम फुटला तर गुळाचा खडा तोंडात टाकायचा, असं त्यांनी बजावलं होतं. नानांनी ते गुऱ्हाळावर सगळ्यांना ऐकवलं. “बघा रं, डागदरनीनं मला गूळ लिवून दिलाय!” अंगठ्याची जखम भरली. उन्हाळ्यात नगरला जाऊन रक्त तपासून आले, तेव्हा बाईंनी दुसऱ्या डॉक्टरांना बोलावून सांगितलं म्हणे, की हे बाबा तिकडून रंग सांगतात आणि मी इकडं बघते. नाना ही गोष्ट दोन पावसाळे सांगत होते. “माजा डोळा तारंतून नगरला जातो,” म्हणायचे.

तिसऱ्या हंगामात आसारामअण्णांचा गूळ काळवंडायला लागला.

एकदम नाही. चार आदणं सोन्यासारखी, एक तपकिरी. मग दोन चांगली, एक जळकी. अण्णांनी ढेप फोडून उन्हात धरली, पुन्हा सावलीत धरली. “औंदा ऊसच खारवट हाय,” ते म्हणाले. मी म्हटलं, “व्हय, खालच्या रानाचं पानी चढलंय.” कुणी चुन्याला दोष दिला, कुणी भेंडीला. काहिलीशी उभ्या असलेल्या माणसाचं नाव कुणी घेतलं नाही. आणि नाना? ते काहिलीवर पूर्वीपेक्षा जास्त वाकायला लागले होते. मान एका बाजूला कलती करून. मला वाटायचं, हे बघतायत. आता कळतं, ते ऐकत होते. पाक घट्ट होत आला की त्याच्या बुडबुड्याचा आवाज जड होतो, वास बदलतो. नाना आवाजावर आणि वासावर काहील उतरवत होते. कधी जमत होतं, कधी नाही.

काहिलीला आवाज असतो, वास असतो. काचेच्या नळीला नुसता रंग असतो.

फोनवर मात्र दर बाजारी एकच. “हिरवा हाय, बाई. रसावानी.” कधी, “निळाच म्हना की.” बाई औषध हळूहळू कमी करत गेल्या. त्यांच्याजवळ तरी दुसरं काय होतं? एक आवाज होता, आणि दोन वर्षं त्या आवाजानं त्यांना कधी फसवलं नव्हतं.

रतनबाईनं मला हे पुष्कळ वर्षांनी सांगितलं. पौष लागला तेव्हा तिनं मुंग्या पाहिल्या. बाभळीखाली पुन्हा रांग. नाना रात्रीतून उठउठून पाणी पीत होते. नळी ते राखेच्या ढिगावर रिती करायचे. एके सकाळी ती राख भरायला गेली, तर पांढऱ्या राखेवर लाल डाग. विटेची भुकटी सांडावी तसा.

ती घरात आली. नाना कोपरी घालत होते.

“अवो, आज रंग कोनता?”

“हिरवा.”

ती उभी राहिली. ओठापर्यंत शब्द आला होता. पण आयुष्यभर ती चुलवाणाच्या तोंडाशी बसून एकच गोष्ट शिकली होती, की रंग आधी गुळव्यानं बोलायचा, आणि त्यानं बोलल्यावर दुसऱ्या कुणी बोलायचा नाही. तिला वाटलं, मी लाल म्हटलं आणि आदण फुटलं तर? हे आदण म्हणजे तर ह्यांचा जीव. तिनं राखेवर राख ओढली. दुसऱ्या दिवशीही ओढली.

मग टाचेची जखम निघाली. चुलवाणातला निखारा उडून नानांच्या टाचेखाली चिरडला होता आणि पाय बधिर पडल्यानं त्यांना पत्ताच नव्हता. रतनबाईला वास आला. तिनं पाय उचलून बघितला तर टाच फुटलेल्या अंजिरासारखी.

“ह्ये कवा झालं?”

“काय झालं?” नाना म्हणाले. त्यांनी पाय वळवून स्वतः बघितला, बराच वेळ. आणि म्हणाले, “चिखल लागलाय.”

रतनबाईनं पाय मांडीवर घेऊन पुसायला घेतला. चिखल आणि रक्त ज्याला वेगळं दिसेना, तो नळीत काय बघत होता?

त्याच आठवड्याच्या बाजारी फोनवर बाईंनाही काहीतरी खटकलं. नानांचा श्वास लागत होता. “बाबा, पाणी फार पिता का?”

“गुळव्याला तान लागनारच, बाई. जाळाम्होरं उभा ऱ्हातो.”

“पुढच्या वेळी नळी सोबत घेऊन या. बूच लावून. आणि घरातलं माणूस आणा.”

पुढच्या बाजारी माझ्या गाडीत दोघं बसली. नानांच्या कोपरीच्या खिशात फडक्यात गुंडाळलेली नळी. कालव्याच्या पुलावर नाना एवढंच म्हणाले, “रतन, तू कशाला आलीस? जाळ कोन बघनार?” ती म्हणाली, “जाळ मीच बघतेय.” मला त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही.

गोरक्षनाथानं नंबर लावून दिला. नाना खोक्यात, रतनबाई दारात, मी पायरीवर. रांगेत चार माणसं.

“हालो, बाई! हिरवा हाय!”

तिकडून काही बोलणं झालं. मग नाना रिसीव्हर कानापासून लांब धरून म्हणाले, “गोरख, बाई म्हनत्यात, नळी तुला दाखवायची. घे. सांग त्यांना.”

गोरक्षनाथानं फडकं सोडलं. उन्हात काच धरली. मी बघितलं, रतनबाईनं बघितलं, रांगेनं बघितलं. तळाशी लाल गाळ बसला होता. पावसात भिजलेली वीट असते तसा. त्यात हिरव्याचा मागमूस नव्हता.

गोरक्षनाथाची जीभ मी आयुष्यात पहिल्यांदा अडखळलेली बघितली. त्यानं नानांकडं बघितलं. नाना खोक्यात ताठ उभे होते, मुंडासं काचेला टेकलेलं, चेहरा फोटो काढायला बसल्यासारखा. गोरक्षनाथानं रिसीव्हर घेतला आणि म्हणाला, “बाई, नाना म्हनत्यात तसंच हाय. हिरवट.”

त्यानं हे दुष्टपणानं केलं नाही. त्या माणसाचा डोळा चारचौघांत फोडायला त्याचा हात धजला नाही. आम्ही कुणीच धजलो नव्हतो. अख्खा हंगाम आम्ही ऊस खारवट म्हणून काढला होता.

रतनबाई खोक्यात शिरली. तिनं त्याआधी कधी फोन हातात धरला नव्हता. रिसीव्हर गोरक्षनाथाच्या हातातून ओढला आणि उलटा कानाला लावून ओरडली, “ईट हाय, बाई! भाजलेली ईट! लई दिवस झालं ईटच हाय! ह्यांना दिसत न्हाई वो!”

गोरक्षनाथानं हळूच रिसीव्हर सुलटा करून दिला. ती ऐकत राहिली आणि “व्हय बाई, व्हय” म्हणत रडत राहिली. टाचेचंही सांगितलं.

नाना बाहेर आले. पायरीवर माझ्या शेजारी बसले. मला वाटलं, आता आभाळ फाटणार. पण ते बराच वेळ उन्हाकडं तोंड करून बसले, आणि हळू म्हणाले, “फोडलं तिनं आदण.”

मग पुन्हा थोड्या वेळानं म्हणाले, “धूर लई हाय औंदा. नुसता धूर. तुलाबी दिसतो का रं?”

मी व्हय म्हणालो. धूर नव्हता.

दुसऱ्या दिवशी नगरला नेलं. टाच कापून स्वच्छ केली, सुईचं औषध दुप्पट झालं. डोळ्याच्या डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत बसवून बघितलं आणि सांगितलं, की डोळ्याच्या आत रक्त झिरपलंय. एक डोळा गेल्यात जमा. दुसरा पुण्याला नेऊन त्यावर किरण सोडले तर उरलंय तेवढं कदाचित राहील. वेळ लावला तर तेही नाही.

नाना घरी आले आणि पुण्याला जाणार नाही म्हणाले. “दिसतंय मला.” रतनबाईनं समजावलं, अण्णांनी समजावलं. गोरक्षनाथ कुबडीवर वस्तीपर्यंत चालत आला, बाईंचा निरोप घेऊन. नाना खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. मला वाटतं, त्यांना पुण्याची भीती नव्हती. पुण्याला जायचं म्हणजे दिसत नाही असं आपल्या तोंडानं म्हणणं होतं. आणि रंग तर आधी त्यांनीच बोलायचा होता.

नळी आता रतनबाई उकळायची. रंग बघून ती गप्प राहायची, मग अंगणातून विचारायची, “सांगू का?” नाना उत्तर द्यायचे नाहीत. ती बेलापूरला जाऊन फोनवर सांगून यायची. असे आठवडे गेले. उन्हं तापायला लागली, फडातला शेवटचा ऊस घाण्यावर आला.

शेवटच्या आदणाच्या दिवशी नाना काठी न घेता गुऱ्हाळावर आले. टाचेला फडकं बांधलेलं. आदल्या दिवशी नानांचा जावई येऊन गेला होता. तो बेलापूरच्या स्टँडवर पुण्याच्या सकाळच्या गाडीला वाट बघणार होता, नाना आले तर. अण्णांनी काही न बोलता फावडं त्यांच्या हातात दिलं.

पाक चढत गेला. मळी निघाली, फेस बसला, बुडबुडे जड झाले. बैल थांबवले. रतनबाईनं चिपाडावरचा हात थांबवला. नाना काहिलीवर वाकले. खूप वेळ वाकले. वाफेत त्यांचा चेहरा ओला झाला. उशीर होत होता, हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं, आणि कुणी तोंड उघडत नव्हतं.

नाना सरळ झाले.

“रतन.”

“जी.”

“वर ये. रंग बोल.”

ती उठली. पदरानं घाम पुसला, काहिलीच्या काठाशी येऊन उभी राहिली. एकदा तिनं त्यांच्याकडं बघितलं, एकदा पाकाकडं.

“आला,” ती म्हणाली. “आत्ताच आलाय. उतरवा.”

नानांनी मान हलवली. फावडं तिच्या हातात दिलं. मग मुंडासं सारखं केलं आणि म्हणाले, “तूच उतरव. माजी गाडी चुकंल.”

ते निघाले. गुऱ्हाळापासून सडकेपर्यंतची वाट त्यांच्या पायाला ठाऊक होती. तोडलेल्या उसाच्या खोडव्याच्या कडेनं, मोटेच्या पडक्या विहिरीला वळसा घालून. टाच उचलून, चवड्यावर, सावकाश. मी गाडी जुंपतो म्हणालो, त्यांनी हात हलवून नको म्हटलं, मागं न बघता.

आम्ही माणसांनी काहील उचलून पाक निववायच्या वाफ्यात ओतली. रतनबाई फावड्यानं पाक हलवत होती. पाक गार होईपर्यंत तिला सोडून जाता येत नव्हतं, सोडलं तर खडे धरतात. तिचा हात गोल फिरत होता. ती एकदा गुळाकडं बघायची, एकदा त्या पांढऱ्या मुंडाशाकडं. ते विहिरीपाशी वळलं, बाभळींच्या आड गेलं, पुन्हा सडकेवर निघालं, लहान झालं. तिचा हात थांबला नाही.